१२ जानेवारी १८८८: एका उबदार सकाळचा प्रकरण अभ्यास

अमेरिकेच्या मध्यभागातील गवताळ मैदानांवर गुरुवार, १२ जानेवारी १८८८ रोजी आलेले हिमवादळ ‘शाळकरी मुलांचे हिमवादळ’ या नावाने ओळखले जाते. तेव्हाचा डकोटा प्रदेश (ज्याची पुढे १८८९ मध्ये नॉर्थ डकोटा आणि साउथ डकोटा अशी दोन राज्ये झाली), नेब्रास्का, मिनेसोटा आणि आयोवा या भागांना त्याचा फटका बसला. मृतांचा सर्वसाधारणपणे दिला जाणारा आकडा २३५ आहे आणि त्यात शाळेतून घराकडे निघालेली मुले इतकी होती की वादळाला नाव त्यांचेच मिळाले. याहून जास्त बर्फ टाकणारी आणि याहून जास्त दिवस रेंगाळणारी वादळे या मैदानांनी पाहिलेली आहेत. मग याच वादळात एवढी माणसे का दगावली, हा या अभ्यासाचा प्रश्न आहे. वारा, थंडी आणि बर्फ यांची मोजमापे या प्रश्नाचे अर्धेच उत्तर देतात. उरलेले अर्धे उत्तर त्या दिवशीच्या उबदार सकाळीत आहे, असे माझे मत आहे. ही सकाळ वादळाआधीची उसंत म्हणून सांगितली जाते, पण ती वादळाचाच पुढचा भाग होती. वादळाने थंडी आणण्याआधी ऊब आणली, आणि माणसे त्या उबेच्या भरवशावर घराबाहेर पडली.

आधीचा आठवडा

१८६२ च्या होमस्टेड कायद्यानुसार पाच वर्षे जमीन कसणाऱ्याला १६० एकर सरकारी जमीन जवळजवळ फुकट मिळत असे. या कायद्यामुळे आणि रेल्वेच्या विस्तारामुळे १८८० च्या दशकात जर्मनी, नॉर्वे, स्वीडन आणि अमेरिकेच्या पूर्वेकडील राज्यांतून आलेली हजारो कुटुंबे या मैदानांत वसली होती. प्रत्येकाचे घर स्वतःच्या जमिनीवर असल्यामुळे दोन घरांमध्ये बरेच अंतर असे. मधल्या भागात झाड नाही, कुंपण नाही, ओळखीची खूण नाही. लाकूड मिळत नसल्याने गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ठोकळ्यांची घरे बांधली जात, आणि शाळाही पुष्कळदा तशाच असत. एक खोली, मधोमध शेगडी, तिच्यासाठी दिवसापुरते जळण आणि बहुधा विशीच्या आतबाहेरची एक शिक्षिका, एवढ्यावर शाळा चाले. मुले दोन-तीन किलोमीटर चालत येत.

५ आणि ६ जानेवारीला या भागात बर्फ पडले. ते कोरडे आणि भुसभुशीत होते. त्यानंतर ७ ते ११ जानेवारी या काळात कडाक्याची थंडी पडली, म्हणून ते वितळले नाही आणि घट्ट बसलेही नाही. मैदानांवर हा पिठासारखा बर्फ पसरून राहिला. पुढे जे घडले त्यातला बराचसा कच्चा माल असा आधीच जमिनीवर येऊन पडलेला होता, ही गोष्ट वर्णनांत सहसा हरवते.

थंडीच्या त्या दिवसांत माणसे घरात कोंडली गेली. गुरे गोठ्यात बांधलेली, जळण आणि चारा संपत आलेला, मुलांची शाळा बुडालेली. नेब्रास्कातील ओमाहा येथे ११ जानेवारीला सकाळी सात वाजता तापमान उणे २१ अंश सेल्सिअस होते, आणि १२ जानेवारीला सकाळी सात वाजता ते उणे २ अंशांवर आले होते. चोवीस तासांत एकोणीस अंशांची वाढ. शून्याखालच्या या आकड्याला ऊब म्हणणे आपल्याला विचित्र वाटेल, परंतु पाच दिवस कडाक्याच्या थंडीत काढलेल्या माणसाला तो खरोखरच वसंताची चाहूल वाटतो. लोकांनी गुरे पाण्यावर आणि चाऱ्यावर सोडली, खोळंबलेल्या कामांसाठी गाड्या जोडल्या आणि मुलांना शाळेत पाठवले. जाड कोट, लोकरी टोपी, हातमोजे हे सगळे अनेकांनी घरीच ठेवले. यात कोणाचाही निष्काळजीपणा दिसत नाही. समोर दिसणाऱ्या हवेनुसार शहाण्या माणसाने जे करावे तेच सगळ्यांनी केले.

ऊब कोठून आली

११ जानेवारीला कॅनडातील अल्बर्टाच्या बाजूने कमी दाबाचे एक क्षेत्र खाली सरकू लागले. मध्य माँटानावरून ते १२ जानेवारीच्या सकाळी ईशान्य कोलोरॅडोत पोहोचले, दुपारी तीनपर्यंत आग्नेय नेब्रास्कात आणि रात्री अकरापर्यंत नैऋत्य विस्कॉन्सिनमध्ये गेले. उत्तर गोलार्धात कमी दाबाच्या केंद्राभोवती वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. त्यामुळे केंद्राच्या पुढे, म्हणजे पूर्वेला, दक्षिणेकडून वारे येतात, आणि त्याच्या मागे, म्हणजे पश्चिमेला, उत्तरेकडून. पुढच्या वाऱ्यांनी दक्षिणेकडील उबदार, दमट हवा मैदानांवर ओढून आणली. मागे कॅनडाच्या ध्रुवीय हवेचा जड, कोरडा गोळा दबा धरून होता. या दोन हवांमधील सीमारेषा, म्हणजे थंड हवेची आघाडी, विलक्षण अरुंद आणि विलक्षण वेगवान होती. मेक्सिकोच्या आखातापासून कॅनडाच्या सीमेपर्यंत या हवेला अडवणारी एकही आडवी पर्वतरांग नाही, त्यामुळे उत्तरेची आणि दक्षिणेची हवा एकमेकींना अशा धारेवर भेटू शकते.

म्हणूनच सकाळची ऊब आणि दुपारची थंडी या दोन वेगळ्या घटना नव्हत्या. केंद्र जितके खोल, तितके पुढचे वारे जोराने ऊब आणतात आणि तितकेच मागचे वारे जोराने थंडी आणतात. आठवडाभराच्या थंडीनंतर जानेवारीच्या मध्यावर दक्षिणेच्या वाऱ्याबरोबर तापमान एकाएकी चढते तेव्हा ते धोक्याचे चिन्ह असते. हवामानशास्त्रज्ञाला हे नकाशावर दिसते. अंगणात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला फक्त मऊ वारा लागतो.

पावणेबाराचा क्षण

आघाडी अंगावरून जाताना काय होते याचे उत्तम वर्णन डकोटातील ह्यूरन येथील लष्करी हवामान निरीक्षकाने नोंदवून ठेवले आहे. दुपारी पावणेबाराच्या सुमारास तो निरीक्षणासाठी उंचावर, इमारतीच्या छपरावर होता. त्याने लिहिले आहे की मिनिटभर हवा पूर्णपणे थबकली, खालच्या रस्त्यावरचे आवाज खूप खोलातून आल्यासारखे ऐकू येऊ लागले आणि सगळीकडे एक चमत्कारिक शांतता पसरली. पुढच्या मिनिटाला काळ्या ढगाने आभाळ झाकले, वारा नैऋत्येतून पश्चिमेकडे वळला आणि इतक्या जोराने आदळला की त्याला छपरावर उभे राहणे धोक्याचे झाले. हवा चाळलेल्या पिठासारख्या बारीक बर्फाने भरून गेली.

हे ‘पीठ’ निव्वळ उपमा म्हणून सोडून देण्यासारखे नाही. ओलसर हिमवर्षावात मोठे पुंजके पडतात आणि ते अंगावरून झटकता येतात. येथे वाऱ्याने घासून आणि फोडून बर्फाचे कण अत्यंत बारीक केले होते. आभाळातून पडणारा नवा बर्फ आणि जमिनीवरून उचललेला आठवडाभरापूर्वीचा बर्फ हवेत एकत्र झाला होता. असे कण कापडाच्या विणीतून आत शिरतात, पापण्यांवर वितळून लगेच गोठतात आणि पापण्या एकमेकींना चिकटवतात. तोंडासमोर धरलेला हात दिसत नव्हता, असे अनेक आठवणींत येते आणि ते शब्दशः खरे मानायला हवे. या स्थितीत माणूस जिवंतपणी आंधळा होतो, आणि वाऱ्याच्या आवाजामुळे बहिराही होतो. वाऱ्याला तोंड देऊन चालणे अशक्य असल्याने तो नकळत वाऱ्याला पाठ करतो. वायव्येच्या वाऱ्यात हरवलेली माणसे म्हणूनच घर कोणत्याही दिशेला असो, आग्नेयेकडे भरकटत गेली.

घड्याळाचा नकाशा

आघाडी माँटानात १२ जानेवारीच्या पहाटेपूर्वीच आली. डकोटा प्रदेश ओलांडायला तिला मध्यरात्रीपासून दुपारच्या पहिल्या प्रहरापर्यंतचा वेळ लागला. ह्यूरनपासून दक्षिणेकडे सुमारे चारशे किलोमीटरवर असलेल्या नेब्रास्कातील लिंकन येथे ती दुपारी तीनला पोहोचली, आणि आणखी पूर्वेला संध्याकाळी किंवा रात्री. वादळ सर्वत्र एकच होते, पण त्याच्या येण्याची वेळ गावागणिक वेगळी होती, आणि मृत्यूंचा हिशेब या वेळेशी जुळतो. पश्चिमेकडे लोक उठले तेव्हा दाराबाहेर वादळ आधीच सुरू होते, त्यामुळे मुलांना शाळेत पाठवण्याचा प्रश्नच आला नाही. पूर्वेकडे ते आले तेव्हा बहुतेक मुले घरी परतलेली होती. मधला पट्टा, म्हणजे डकोटाचा आग्नेय भाग आणि ईशान्य नेब्रास्का, दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान सापडला. त्या वेळी मुले वर्गात होती, पुरुष शेतात किंवा रस्त्यावर होते, गुरे उघड्यावर होती. हीच आघाडी सहा तास आधी किंवा सहा तास नंतर आली असती तर तिला कदाचित नावही मिळाले नसते.

याच कारणाने वादळाच्या तीव्रतेची क्रमवारी लावण्याच्या प्रथेविषयी मला शंका वाटते. वाऱ्याचा वेग आणि तापमान यांवरून वादळ मोजता येते, आपत्ती मोजता येत नाही. आपत्ती मोजायला घड्याळ लागते, आणि त्या घटकेला कोण कोठे होते हे कळावे लागते.

इशारा दिला होता का

दिला होता. १८७० पासून हवामानाची निरीक्षणे आणि अंदाज हे अमेरिकी लष्कराच्या सिग्नल विभागाचे काम होते, आणि या प्रदेशाचे अंदाज सेंट पॉल येथील कार्यालयातून लेफ्टनंट थॉमस वुड्रफ देत असे. दिवसातून तीन वेळा तारेने येणाऱ्या दाब, तापमान आणि वाऱ्याच्या नोंदी कागदावर मांडून त्यावरून पुढच्या चोवीस तासांचे भाकीत करावे लागे. दोन निरीक्षणांमध्ये आठ तास जात, आणि हे वादळ आठ तासांत एक अख्खे राज्य ओलांडत होते. तरीही त्या दिवशीच्या अंदाजात डकोटा आणि नेब्रास्कासाठी त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी थंडीच्या लाटेचा आणि त्याच दिवसापासून बर्फ वाऱ्याने मोठ्या प्रमाणावर साचण्याचा इशारा होता. शास्त्रीयदृष्ट्या तो चुकला असे म्हणता येत नाही. उपलब्ध साधने पाहता तो चांगलाच होता.

त्याचा दोष दुसरीकडे होता. ‘थंडीची लाट’ हे शब्द तापमानाविषयी सांगतात. काही मिनिटांत डोळ्यांसमोरचे जग नाहीसे होईल, हे त्यातून कळत नाही. ‘रात्री आणि उद्या’ असे वाचणारा माणूस संध्याकाळपर्यंत वेळ आहे असेच समजेल. शिवाय थंडीच्या लाटेचा इशारा ही मुख्यतः रेल्वे, गुरांची वाहतूक आणि नाशवंत माल यांच्या सोयीची व्यवस्था होती. तो तारेने स्टेशनांवर जाई, तेथे पांढऱ्या कापडावर मध्यभागी काळा चौकोन असलेला बावटा चढवला जाई आणि तो पाहणाऱ्याला अर्थ कळे. रेल्वेपासून पंधरा किलोमीटरवर मातीच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला तो बावटा दिसणे शक्यच नव्हते. व्यवस्थेने आपल्या ग्राहकांना इशारा दिला. शाळेतली मुले तिच्या ग्राहकांत मोजली गेली नव्हती. वुड्रफवर व्यक्तिशः ठपका ठेवण्यापेक्षा ही रचना तपासणे मला अधिक न्याय्य वाटते.

थांबावे की निघावे

सगळा भार शेवटी येऊन पडला तो शिक्षिकांवर. त्यांच्यापुढचा पेच थोडक्यात असा होता की आत थांबले तर जळण कधी संपेल हे ठाऊक आहे, आणि बाहेर पडले तर वाट सापडेल की नाही हे ठाऊक नाही.

नेब्रास्कातील मिरा व्हॅली येथे मिनी फ्रीमन हिच्या मातीच्या शाळेचे छप्पर वाऱ्याने उडवले. तिच्यापुढे पर्यायच उरला नाही. ती मुलांना एकत्र ठेवून एका शेतघरापर्यंत घेऊन गेली आणि सगळी वाचली. मुलांची संख्या तेरा असल्याचे प्रसिद्ध झाले. तिने मुलांना दोरीने एकमेकांना बांधले होते ही गोष्टही घरोघर पोहोचली, पण त्या गोष्टीच्या खरेपणाविषयी मतभेद आहेत. दोरी असो वा नसो, कोणालाही एकटे पुढे जाऊ न देणे हाच तिच्या यशाचा गाभा होता.

नेब्रास्कातीलच प्लेनव्ह्यू येथील लोइस रॉइस हिच्याकडे त्या दिवशी फक्त तीन मुले होती, दोन मुलगे आणि एक सहा वर्षांची मुलगी. दुपारी तीनच्या सुमारास जळण संपले. ती राहत होती ते घर शाळेपासून शंभर-दोनशे पावलांच्या टप्प्यात होते. ती मुलांना घेऊन निघाली आणि एवढ्याशा अंतरात वाट चुकली. चौघांनी रात्र उघड्यावर काढली. तिन्ही मुले थंडीने गेली. ती सकाळी रांगत एका घरापर्यंत पोहोचली आणि तिचे पाय कापावे लागले. तिने फ्रीमनपेक्षा काय वेगळे केले, असे विचारले तर प्रामाणिक उत्तर ‘फारसे काही नाही’ असे आहे. एकीला घराची भिंत लागली, दुसरीला लागली नाही. अशा पांढऱ्या अंधारात शंभर पावले आणि दोन किलोमीटर यांत फरक उरत नाही, कारण पहिल्या दहा पावलांतच दिशा हरवते. ज्या शाळांत बाके फोडून शेगडीत घातली आणि मुलांना रात्रभर आत ठेवले, तेथे ती वाचली. निष्कर्ष काढायचाच तर तो एवढाच निघतो की जोवर छप्पर शाबूत आहे आणि जाळायला काहीही आहे तोवर आत थांबणे बरे. मात्र हे शंभराहून अधिक वर्षांनंतर, उबेत बसून लिहिणे सोपे आहे.

डकोटातील ग्रोटन गावात मुलांना शाळेतून नेण्यासाठी गावकरी घोडागाड्या घेऊन आले. मुले चढली, गाड्या हलल्या आणि आठ वर्षांच्या एका मुलाला आठवले की पाटी पुसायला पाणी ठेवायची त्याची छोटी अत्तराची बाटली वर्गातच राहिली आहे. त्याने उडी मारली. तो बाहेर आला तोवर गाड्या दिसेनाशा झाल्या होत्या आणि काही पावलांतच तोही हरवला. त्याचा मोठा भाऊ रांगत, हातांनी चाचपडत त्याला शोधायला गेला आणि बर्फात पडलेल्या त्याच्या देहाला अडखळला म्हणून मुलगा वाचला. वादळात मुले कशी हरवली हे समजण्यासाठी हा एक प्रसंग पुरेसा आहे. मुलाच्या लेखी ती बाटली मोलाची होती, आणि सकाळपर्यंत तरी तो दिवस साधा होता.

वादळ ओसरल्यावर

रात्री आकाश निवळले आणि डकोटाच्या बऱ्याच भागात तापमान उणे ३० ते उणे ४० अंश सेल्सिअसपर्यंत उतरले. मैदानांवर अडकलेल्यांसाठी वाऱ्यापेक्षा ही रात्र भयंकर ठरली. शरीराचे तापमान घसरत गेले की थरथर थांबते, विचार गोंधळतात, कधी उलट उकडल्याचा भास होऊन माणूस अंगावरचे कपडे काढतो. रात्रभर निपचित पडून राहिलेला माणूस सकाळी एकदम उठून चालू लागला तर थंड पडलेल्या हृदयाला तो ताण सोसत नाही. उपचारही तेव्हाच्या समजुतीप्रमाणे होत. गोठलेले हातपाय बर्फानेच चोळण्याची पद्धत रूढ होती. त्याने पेशींना आणखी इजा होते हे आता आपल्याला माहीत आहे.

नेब्रास्कातील होल्ट काउंटीतील एकोणीस वर्षांची शिक्षिका एटा शॅटक घरी परतताना वाट चुकली आणि गवताच्या गंजीत शिरली. बर्फाने गंजीचे तोंड बंद झाले. ७८ तासांनी, रविवारी, ती जिवंत सापडली. तिचे पाय कापण्यात आले आणि ६ फेब्रुवारीला ती गेली. २३५ हा आकडा अंदाजच राहतो, तो अशा मृत्यूंमुळे. कोणी शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी गेले, कोणाचा देह बर्फ वितळल्यावर वसंतात मिळाला, आणि एकाकी घरांतील किती मृत्यू कोणाच्या नोंदीत आले नाहीत हे सांगता येत नाही. वर्तमानपत्रांनी शिक्षिकांना नायिका केले. ओमाहा बी या वृत्तपत्राने त्यांच्यासाठी निधी गोळा केला. मग मार्च १८८८ मध्ये न्यूयॉर्क आणि आसपासच्या शहरांवर दुसरे मोठे हिमवादळ कोसळले, तेथे चारशेहून अधिक माणसे गेली, आणि देशाचे लक्ष मैदानांवरून उडाले.

लष्करी हवामान विभागावर टीका आधीपासूनच होत होती. १८९० च्या कायद्याने हे काम लष्कराकडून काढून कृषी विभागाकडे दिले गेले आणि १ जुलै १८९१ पासून नागरी हवामान कार्यालय सुरू झाले. हा बदल या एका वादळामुळे झाला असे म्हणणे अतिशयोक्ती ठरेल, परंतु हवामानाचा अंदाज शेतकऱ्यासाठीही असतो ही जाणीव त्यात होती. जुना दोष तेवढ्याने गेला नाही. ११ नोव्हेंबर १९४० रोजी याच भागात सकाळ अशीच उबदार उगवली. मिसिसिपीच्या पात्रातील बेटांवर बदकांच्या शिकारीला गेलेले लोक हलक्या कपड्यांत होते. दुपारी अशीच आघाडी आली आणि सुमारे दीडशे माणसे दगावली. त्या भागाचे अंदाज तेव्हा शिकागोहून दिले जात, आणि ते काम स्थानिक कार्यालयाकडे आले ते या घटनेनंतर. आज अमेरिकेत हिमवादळाचा इशारा तापमानावर बेतलेला नसतो. ताशी ५६ किलोमीटर किंवा अधिक वारा आणि सुमारे चारशे मीटरपेक्षा कमी दृश्यता, ही स्थिती किमान तीन तास राहणार असेल तर तो दिला जातो. ‘किती थंडी’ हा प्रश्न मागे पडून ‘किती दिसेल’ हा प्रश्न पुढे आला आहे. १८८८ च्या मुलांना नेमके हेच कळायला हवे होते.

१९४० च्या दशकात नेब्रास्कात त्या वादळातून वाचलेल्यांची एक संघटना उभी राहिली. तेव्हा ही माणसे सत्तरीच्या आसपास पोहोचली होती. त्यांच्या आणि इतरांच्याही आठवणी वाचताना एक गोष्ट वारंवार समोर येते. त्या वाऱ्यापासून सुरू होत नाहीत, थंडीपासूनही नाही. त्या सुरू होतात ती सकाळ किती मऊ होती आणि आपण कोट न घालता कसे निघालो होतो, येथून.